सड्यावरची भेग

आसेगाव, ता. मंगरूळपीर
२४ जून २०२५

श्री. जानराव अंभोरे यांस,

जय भीम.

तुमचं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर मिळालं. शिपायाने ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर आणून दिलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचून शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याच आडनावाचे कोणी दिसतात." मी हो म्हटलं.

याआधीचं तुमचं पत्र १९९८ च्या मार्चमध्ये आलं होतं. तेव्हा मी पाचवीत होते. आता अडतीस वर्षांची आहे आणि मंगरूळपीरला नववी-दहावीला भूगोल शिकवते. हे तुम्हाला हरीओमकडून कळलंच आहे. मानोऱ्याकडची माणसं तिकडे चिऱ्याच्या खाणींवर कामाला येतात हे मला माहीत होतं, पण त्यातला एकजण तुमच्या ओट्यावर बसून माझ्याबद्दल बोलेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही विचारलेल्या गोष्टी. आई आहे. गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठीक. घर तेच, फक्त वर पत्र्यांच्या जागी स्लॅब पडला. मी लग्न केलं नाही. कारण विचारू नका.

आता कामाचं. तुमची वाडी डोंगराखालून हलवणार आहेत आणि नव्या जागेच्या यादीत नाव येण्यासाठी तुम्ही मूळचे कुठले याचा कागद मागतात, म्हणून आसेगावच्या शाळेचा दाखला हवा, एवढं मला समजलं. सर्वेवाले आले तेव्हा घरात माणूस नसेल तर नाव कापतात, हेही समजलं. मी शाळेत अर्ज करते. मुलगी म्हणून नाही. गावातल्या कोणाचंही असं पत्र आलं असतं तरी एवढं केलं असतं.

एक विचारायचं आहे. तुम्ही लिहिलं आहे, "आमचं घर डोंगराच्या कुशीत हाय." एवढ्यावरून मला काही कळत नाही. समुद्र किती लांब? चढ केवढा? डोंगराच्या माथ्यावर काय आहे? पावसाचं पाणी कुठून उतरतं? मुलांना कोकण किनारा शिकवायचा आहे. माझ्या वर्गात समुद्र पाहिलेलं कोणी नाही. मीही नाही. पुस्तकात असतं तेवढंच सांगते. सवडीने लिहा.

आईला तुमच्या पत्राबद्दल सांगितलेलं नाही.

स्नेहा


आसेगाव
८ जुलै २०२५

जानराव यांस,

जय भीम.

पत्र मिळालं. इतकं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. चार पानं, दोन्ही बाजूंनी.

तुम्ही लिहिलेला डोंगरमाथ्यावरचा सडा मी जसाच्या तसा वर्गात सांगितला. खालून पाहिलं तर उभा डोंगर, आणि धापा टाकत वर पोचावं तर एकदम मैदान. माती नाही, नुसता तांबडाकाळा जांभा दगड, भोकाभोकांचा. उन्हाळ्यात त्यावर पाय भाजतात आणि पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी साचून बोटभर उंचीची फुलं येतात. टोकावर उभं राहिलं की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला ढगात बुडालेला सह्याद्री. मुलं गप्प झाली होती. पुस्तकातून शिकवताना ती इतकी गप्प होत नाहीत.

मग फळ्यावर आकृती काढली. समुद्रावरून ओलं वारं येतं, सह्याद्रीला धडकतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथेच रिकामं होतं. तुमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर. घाट ओलांडून इतकं लांब पोचेपर्यंत आमच्या वाट्याला आठशे, तेही चांगल्या वर्षी. रंजीता नावाची मुलगी आहे, तांड्यावरून येते. तिने विचारलं, "मॅडम, म्हंजे आपला पाऊस त्यायनंच ठेवून घेतला का?" मी म्हटलं, ठेवून घेत नाहीत, तो त्यांच्याकडेही थांबत नाही. तीव्र उतार, अरुंद पट्टी, चार तासांत सगळं पाणी खाडीत. मार्चमध्ये तिथल्याही बाया हंडे घेऊन उतरतात. हे तुमच्याच पत्रातलं.

हे कोणी लिहिलं असं मुलांनी विचारलं. ओळखीच्या एका माणसाने, असं सांगितलं.

इकडे पेरण्या झाल्या. सोयाबीन चार पानांवर आहे, तुरीची ओळ मधून दिसते. अडाण नदीला अजून नाव घेण्यासारखं पाणी नाही.

दाखल्याला वेळ लागेल. मुख्याध्यापक रजेवर आहेत, जुनी रजिस्टरं कपाटात आहेत आणि किल्ली त्यांच्याकडे आहे. मिळाला की पाठवते.

शेवटच्या पानावर तुम्ही तुमच्या मुलाचं नाव आणि फोन नंबर लिहिला आहे. घरात रेंज नाही, अडचण असली तर प्रसेनजितला फोन कर, असं. नाव वाचलं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

स्नेहा


आसेगाव
२० जुलै २०२५, रविवार

जानराव यांस,

हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही त्या घरात नसाल असं धरून खालच्या गावातल्या शाळेच्या पत्त्यावर पाठवत आहे. सोबत तुमचा दाखला आहे.

तो माझ्याकडे एक जुलैलाच आला होता. मुख्याध्यापक रजेवर नव्हते. किल्लीचंही खोटं होतं. दाखला वीस दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. का ठेवला याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हाला कशाची तरी वाट पाहायला लावावी, एवढंच मनात असावं.

तुमचं पत्र काल संध्याकाळी घरी आणलं, आज सकाळी वाचलं. तुम्ही घरच्या बातम्या द्याव्यात तसं लिहिलं आहे: घरामागच्या झऱ्याला यंदा लाल गढूळ पाणी येतं. फणस खालच्या अंगाला कलला. मागचं दार लागत नाही, पावसाने लाकूड फुगलं असेल. वर सड्यावर हातभर रुंदीची भेग पडली आहे, गुरं जपून न्यावी लागतात. चारही गोष्टी चार वेगवेगळ्या ठिकाणी, मध्ये तुमच्या तिकडच्या बायकोच्या, सुगंधाबाईंच्या, खोकल्याची आणि आंब्याच्या कलमांची हकिगत.

मी त्या चार ओळी पेन्सिलने जोडल्या. वर भेग पडली आहे, तिच्यातून पाणी आत जातं आहे, खाली ते माती घेऊन बाहेर येतं आहे, आणि मधला सगळा उतार झाडासकट, तुमच्या घरासकट हलायला लागला आहे. दार लाकडामुळे अडत नाही. चौकट तिरपी झाली म्हणून अडतं. हे मी दरवर्षी पाच मार्कांसाठी शिकवते.

पत्राला सहा दिवस लागतात. म्हणून प्रसेनजितला फोन केला.

फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. त्याने "हॅलो" म्हटल्यावर मी म्हटलं, "मी स्नेहा. आसेगावहून." मग तो म्हणाला, "ताई?"

मी त्याला झरा, फणस, दार, भेग असं सांगत गेले. तो म्हणाला, "ताई, मी महिनाभर सांगतोय. बाबा ऐकत नाहीत. सर्वे होईपर्यंत घर सोडायचं नाही म्हणतात. त्यांचं बघून सगळी वाडी बसून आहे." मी म्हटलं, आत्ता निघ. तो टेम्पो घेऊन वाडीकडे निघाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या टोकाला किती ऐकू आलं ते मला माहीत नाही. म्हणून इथे काय झालं ते लिहिते.

दीड तासाने वाडीखालच्या रस्त्यावरून, रेंज आहे तिथून, त्याचा फोन आला आणि त्याने तो तुमच्या हातात दिला. तुम्ही म्हणालात, "स्नू?" तीस वर्षं तिकडे राहूनही तुमची बोली आपल्याकडचीच आहे. मी कागदावरचं वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "सर्वेवाले दोन-तीन दिवसांत येनार हाय वं. घर बंद दिसलं का नाव कटते. तीस वर्सं झाले मले इथं, तरी बाहेरचाच मानूस हाय मी यायच्यासाठी. आन् तुह्या दाखलाबी आला नाही अजून."

त्यावर मी टेबलाच्या खणाकडे पाहत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, फोन कटला.

आई समोर तुरीची डाळ निवडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. तिची गोळ्यांची पट्टी शोधताना तिने खण उघडला होता. आईला वाचता फार येत नाही, पण तुमचं नाव येतं. तिने सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली:

"कागदासाठी बसून राह्यले काय तुमी? कागद आला. पोरीनं ठेवून देला होता टेबलात. मले माहीत होतं, मीबी बोलली नाही."

तुम्ही "पंचफुला" म्हणालात. तिने तुम्हाला पुढे बोलू दिलं नाही.

"आमाले सोडून गेले तवा घर सोडाले येत होतं ना तुमाले? तवा कोनता सर्वे आडवा आला होता? मंग हेबी सोडा. आन् या वक्ती बायको-पोरासंग सोडा."

आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा डाळीला बसली.

चार वाजता प्रसेनजितने कळवलं की तुम्ही, सुगंधाबाई आणि दोन म्हशी शाळेत पोचलात, आणि तुमचं पाहून आणखी घरं निघायला लागली आहेत. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "गाडी घेऊन गेला तो कोन?"

"त्यांचा मुलगा."

"नाव काय त्याचं?"

सांगावं लागलं.

तुम्हाला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. शहाण्णव साली मला भाऊ झाला होता. नाव पत्रापत्रीतच ठरलं होतं, आईने सुचवलेलं. तो तीन दिवस जगला. तुम्ही कोकणातल्या रेल्वेबोगद्याच्या कामावरून येऊ शकला नाहीत. आई म्हणाली, "तीन दिवस कोनी त्या नावानं हाक मारली नाही त्याले. नाव ठेवाचा दिवस यायचा होता." थोड्या वेळाने म्हणाली, "बापानं देलं होय दुसऱ्याले."

त्यानंतर तिने डाळ निवडून पूर्ण केली. जेवली मात्र नाही.

शाळेतून परत घरी जाऊ नका. एका भांड्यासाठीसुद्धा नाही.

स्नेहा


आसेगाव
२९ जुलै २०२५

बाबा,

प्रसेनजितने गेल्या मंगळवारी पाच वाजता फोन केला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. साडेतीनला डोंगर खाली आला, म्हणाला. आधी झाडं मोडल्यासारखा आवाज, मग काही क्षण आवाजच नाही, आणि मग पाहिलं तर वाडीच्या जागी तांबडा उतार. अकरा घरं. त्यातली दहा रिकामी होती.

अकराव्या, वरच्या घरात राहिलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोबद्दल त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुम्ही त्यांच्याकडे दोनदा गेला होतात, हेही सांगितलं. पहिल्यांदा म्हाताऱ्याने "सर्वे होऊन जाऊ दे" म्हटलं. दुसऱ्यांदा तुम्ही त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन निघालात तर त्याने ती ओढून घेतली. तुम्ही आता शाळेच्या पडवीत कोणाशी न बोलता बसून असता, असं तो म्हणतो. म्हणून लिहिते आहे.

त्या माणसाने वाट पाहायची ठरवली ती तुमच्याकडे बघून, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही वाट पाहत होतात ती माझ्या कागदाची. मीही या हिशोबातून बाहेर नाही. पण दाखला दोन जुलैला पाठवला असता तर तुम्ही लवकर निघाला असता का? मला वाटत नाही. सर्वे व्हायचाच होता, तुम्ही तरीही बसलाच असता. हे मी स्वतःला रोज सांगते. त्यातलं किती खरं आहे ते तपासायचं साधन माझ्याकडे नाही.

एवढं मात्र ठाम सांगू शकते. तीन दिवसांत सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. वाशिमला एवढा पडायला आख्खा पावसाळा जवळजवळ संपावा लागतो. जांभा वरून कडक दिसतो, पण त्याच्या खालची माती शाडूसारखी मऊ असते. पाणी भेगेतून त्या मातीपर्यंत पोचलं की वरचा दगड निसरड्या फरशीवर ठेवल्यासारखा होतो. मग तो कधी सुटेल हे तिथे जन्मलेल्यालाही सांगता येत नाही. तुम्ही तर बाहेरचे, ते लोक म्हणतात तसे. तरीही नऊ घरं तुमच्या मागून निघाली.

शुक्रवारी दहावीला तोच धडा होता. मी आकृती काढायला खडू घेतला आणि काढली नाही. रंजीताने विचारलं, "मॅडम, तुमच्या ओळखीचा मानूस तिथंच राहात होता ना? बातम्यात दाखवलं." मी म्हटलं, "हो. ते माझे वडील आहेत. वाचले." तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "माहे मायबाप ऊस तोडाले गेले का मीबी बातम्या पाहात राह्यतो."

आईने तुमची चौकशी केली नाही. पण मंगळवारी संध्याकाळी प्रसेनजितशी मी बोलत असताना ती दारात उभी होती आणि फोन ठेवेपर्यंत हलली नाही. नंतर विचारलं, "पोरगा बरा हाय?" मी हो म्हटलं. "आन् त्याची माय?" तीही, म्हटलं.

थोडं जेवत जा.

स्नेहा


आसेगाव
१५ सप्टेंबर २०२५

बाबा,

यादीत तुमचं नाव आलं, हे प्रसेनजितने कळवलं होतंच. दाखल्यावर शिक्का पुसट आहे म्हणून पुन्हा मागवला नाही, हे बरं झालं. त्या दाखल्यावरून एक कळलं: तुम्ही चौथीनंतर शाळा सोडली. आईला लग्नात सातवी सांगितलं होतंत. मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मले तवाच माहीत होतं, पाढे येत नव्हते त्यायले."

आता तुमच्या पत्राचं. नव्या जागेवर घर उभं राहायला दोन वर्षं लागतील, शाळेतून दिवाळीआधी बाहेर पडावं लागेल, तोवर आसेगावला येऊ का, असं तुम्ही विचारलं आहे. "उरलेले दिवस आपल्या मातीत काढीन," असं लिहिलं आहे. सुगंधाबाई त्यांच्या भावाकडे राहतील, प्रसेनजित आपलं बघेल, असंही.

घर आईचं आहे. मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, सगळं, काही न गाळता. ती अंगणात बसली होती. इकडे पाऊस उघडला आहे, सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. पत्र वाचून संपलं. मी विचारलं, "काय लिहू?"

ती म्हणाली, "ते भावाचं घर कसं हाय तिच्या?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. प्रसेनजितला विचारलं. भावाचं घर दोन खोल्यांचं आहे, माणसं सात. भावजय बोलत नाही. आईला सांगितलं. आई आत गेली आणि पेटी उघडून बसली. दोन लुगडी काढली, एक सुती चादर काढली, सगळं जुन्या पिशवीत भरलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे पाठव तिले. अंगावरच्या लुगड्यानिशी निंगाली असंन बिचारी. घर गेलेल्या बाईले काय काय लागते, ते मले माहीत हाय."

मी म्हटलं, "आणि बाबांना काय लिहू?"

"या म्हना."

मला ते अपेक्षित नव्हतं. खरं सांगायचं तर ती नाही म्हणेल आणि मला तसं लिहावं लागेल, म्हणून मी दोन दिवस पत्र टाळत होते. मी लिहायला बसले तर तिने माझा हात धरला.

"पुढचं आईक. एकटे येऊ नका म्हना. तिले तिथं भावाच्या दारात सोडून इकडं आले, तर मी कडी काढनार नाही. एका बाईले सोडून दुसरीकडं निंगून जानं त्यायले सोपं हाय. मले तसा आलेला मानूस नको."

"आई, ती इथे राहील? तुझ्या घरात?"

"मंग कुठं राहीन? मागची खोली रिकामीच हाय. ज्वारीचं पोतं तेवढं काढा लागते."

मी तिला म्हटलं, गाव काय म्हणेल. ती म्हणाली, "गाव मले सत्तावीस वर्सं म्हनून राह्यलं. थकलं आता."

तर हे असं आहे. मी यावर स्वतःचं मत देत नाही. माझं मत अजून तयार झालेलं नाही, आणि झालं तरी ते आईच्या मताएवढं मोठं असेल असं वाटत नाही. मागच्या खोलीतलं पोतं मी काल हलवलं. तिथे दोन खाटा बसतात. आईची खाट पुढच्या खोलीत आहे, तिथेच राहील. तुम्ही बाहेर ओसरीवर झोपाल, हे तिने ठरवलं आहे.

इथली हवा कोरडी आहे, सुगंधाबाईंच्या खोकल्याला बरी पडेल. पिशवी आजच्या टपालाने त्यांच्या नावाने पाठवली आहे, तुमच्या नाही. अकोल्याला उतरलात की मंगरूळपीरची एसटी मिळते. मी स्टँडवर येईन. गाडीतून तुम्ही एकटे उतरलात, तर मला तुम्हाला परतीच्या गाडीत बसवून द्यायला सांगितलं आहे, आणि मी ते करीन.

स्नेहा